दर पावसाळ्यात त्याच जागी गळतं? कौलारू छपराची गळती मुळापासून कशी काढायची

आमचं घर कुडाळ तालुक्यात आहे. चिऱ्याच्या भिंती, माडाचे वासे, वर मंगलोरी कौलं आणि पुढे पडवी. माजघरात देवघराच्या भिंतीलगत एक जागा होती. मृगाचा पाऊस स्थिरावला की तिथं थेंब पडायला लागायचा आणि गणपतीपर्यंत बादली हलायची नाही. असं पाच पावसाळे चाललं. दरवर्षी आम्ही काहीतरी दुरुस्ती करायचो आणि दरवर्षी थेंब त्याच जागी परत यायचा.

पहिल्या वर्षी थेंबाच्या बरोबर वरची चार कौलं बदलली. दुसऱ्या वर्षी त्या कौलांच्या सांध्यांत सिमेंट भरलं. तिसऱ्या वर्षी डांबराची चिकट पट्टी आणून लावली. चौथ्या वर्षी निळी ताडपत्री टाकून वर दगड ठेवले. तोवर भिंतीला पोपडे धरले होते आणि एका वाशाला बुरशी लागली होती. ‘आता कौलं उतरवून पत्रा टाकू या’ हे घरात सगळ्यांच्या तोंडी आलं होतं. पाचव्या वर्षी वाडीतल्या वयस्कर सुतारकाकांना बोलावलं. ते वर चढलेच नाहीत. माळ्यावर बॅटरी घेऊन बसले आणि मला म्हणाले, “पाणी खंय पडता तां बघू नको, खंयसून येता तां बघ.” म्हणजे पाणी कुठं पडतंय ते नको, कुठून येतंय ते बघ.

पाणी येत होतं थेंबापासून जवळपास नऊ फूट वर, आढ्याच्या (छपराच्या सगळ्यात वरच्या आडव्या कडेच्या) खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतून. तिथून रिपेवर (कौलं जिच्यावर लटकतात त्या आडव्या पट्टीवर), रिपेवरून वाशाच्या खालच्या अंगाने आणि वाशाला एक जुना खिळा होता तिथं येऊन टपकत होतं. चार वर्षं आम्ही खिळ्याच्या डोक्यावरची कौलं दुरुस्त करत होतो.

ज्यांच्या घरी असंच चाललं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. गळतीला कंटाळून लोक पिढ्यान्‌पिढ्यांचं छप्पर उतरवतात, आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

कौल पाणी अडवतं कसं

हे नीट समजलं की अर्धी शोधाशोध वाचते. मंगलोरी कौल म्हणजे खापरी अंगावर पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी असलेलं, कडेने शेजारच्या कौलात अडकणारं आणि पाठीमागच्या उंचवट्यांनी रिपेवर लटकणारं कौल. ही एकमेकांत अडकण्याची युक्ती मूळची फ्रान्समधल्या आल्सास भागातली. तिथल्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. मंगलोरात बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये कारखाना काढला, नेत्रावतीच्या काठची चिकणमाती वापरली, आणि तिथून हे कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. त्याआधी आपल्याकडे चाकावर घडवलेली नळीची कौलं किंवा गवताची शाकारणी असायची.

आता यातली मेख अशी की कौलारू छप्पर हवाबंद नसतं आणि नसावंच. सांध्यांमध्ये फटी असतात. पाणी आत येत नाही ते उतार, ओळीवर ओळीचा चढाव (वरची ओळ खालचीवर जेवढी चढते तो भाग) आणि कडेची पन्हळ या तिघांमुळे. या तिघांपैकी एक जरी बिघडलं तर अखंड, खणखणीत कौलातूनही पाणी आत येतं. म्हणून ‘कौल कुठं फुटलंय’ एवढंच शोधत राहिलं तर वर्षानुवर्षं काही हाती लागत नाही.

पाण्याचा माग काढताना

भर पावसात दुपारी माळ्यावर जा. दिवे बंद करा. कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसतील. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणांहून काहीही गळत नाही, त्यामुळे घाबरू नका. उजेडापेक्षा ओल बघा. वाशाच्या खालच्या अंगाला हात फिरवत वरवर जा. बोट ओलं होणं जिथं थांबतं तिथं खडूने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. माझ्या वाशांवर अशा खुणा अजून आहेत.

पाऊस नसताना करायचं असेल तर दोन माणसं लागतात. एक माळ्यावर, एक बाहेर पाण्याची नळी घेऊन शिडीवर. पाणी नेहमी खालच्या ओळीपासून सुरू करून एकेक ओळ वर जायचं. आधी वळचणीची, म्हणजे सगळ्यात खालची ओळ दहा मिनिटं, मग तिच्या वरची, मग त्याच्या वरची. थेट आढ्यावरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून वाहतं आणि कुठल्या ओळीतून आत आलं ते कळत नाही. नळी वरून खाली धरा. खालून वर फवारा मारला तर चांगल्या छपरातूनही पाणी आत जाईल.

थेंब कधी पडतो याचीही नोंद ठेवा, त्यातून पुष्कळ कळतं. सरळ पडणाऱ्या पावसात पाच-दहा मिनिटांत गळायला लागलं तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. फक्त वारा आणि झड असताना गळत असेल तर चढाव कमी आहे किंवा आढ्याचे, कडेचे सांधे उघडे आहेत. तासाभराच्या संततधारेनंतर सुरू होत असेल तर कुठंतरी पाचोळ्याने पन्हळ तुंबली आहे. आणि दोन दिवसांच्या पावसानंतर सगळीकडेच कौलं आतून ओलसर, पण ठरावीक जागी थेंब नाही, असं असेल तर कौलंच झिरपायला लागली आहेत.

आमच्याकडे निघालेली कारणं

पहिलं कारण मला स्वप्नातही सुचलं नसतं. आढ्याजवळची तीसेक कौलं पूर्वी एका वादळात उडाली होती आणि घाईत मिळाली ती बसवली होती. सुतारकाकांनी एक जुनं आणि एक नवं कौल उतरवून उलटं केलं. दोन्हींवर वेगवेगळ्या कारखान्यांचे छाप होते. नवं कौल जवळजवळ अर्धा इंच तोकडं होतं आणि कडेची पन्हळ उथळ. वरून बघताना रंगाखेरीज काही फरक कळत नव्हता. पण जुन्याच्या शेजारी नवं अडकत नव्हतं, नुसतं टेकत होतं. झड आली की तिथून पाणी आत.

मंगलोरी कौल हे नाव एकच असलं तरी माप एक नसतं. मंगलोर, केरळ, गुजरातेतलं मोरबी असं कुठलं कुठलं कौल बाजारात येतं, आणि जुने कितीतरी कारखाने बंद पडले आहेत. त्यामुळे जुन्या घराच्या कौलाला जोडीचं कौल मिळणं अवघड झालंय. यावर उपाय सोपा आहे. वेगळ्या छापाची कौलं एकाच पाख्यात (छपराच्या एका उतरत्या बाजूत) मिसळू नका. मागचं पाखं किंवा मांगर (सामान ठेवायची खोप) उतरवून जुनी कौलं पुढे आणा आणि नवी कौलं सगळीच्या सगळी त्या एका पाख्यावर घाला. आम्ही गुरांच्या गोठ्याची जुनी कौलं माजघरावर आणली आणि गोठ्यावर नवी घातली.

दुसरं कारण वाशाचं. माडाचा एक वासा मधोमध वाकला होता. फार नाही, दीडेक इंच. बाहेरून पाखं बघितलं तर एक हलकी खळगी दिसायची, तीही संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच. त्या खळगीत कौलं एकमेकांपासून उघडतात आणि शेजारच्या ओळींचं पाणीही तिथंच गोळा होतं. कौलं बदलून याला काही उपयोग नाही. आम्ही कौलं उतरवून वाकलेल्या वाशाला किंजळीच्या लाकडाचा जोडवासा दिला आणि त्या भागातल्या रिपा बदलल्या. तुमच्या घरी पाख्यावर अशी खळगी आहे का हे उन्हं कलताना अंगणाच्या टोकाला उभं राहून जरूर बघा. सुतळी ताणून बघितली तर नक्की कळतं.

तिसरं कारण आम्हीच घातलेलं सिमेंट. हे मला कळकळीने सांगायचं आहे. कौलांच्या सांध्यात सिमेंट भरू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, कौलं थोडी थोडी हलत राहतात. सिमेंट हलत नाही, ते तडकतं. तडकलेल्या चिरेतून पाणी आत जातं आणि खाली उतरायची वाट मात्र सिमेंटनेच बुजवलेली असते. मग ते पाणी आडवं पसरतं. आमच्याकडे नऊ फुटांचा प्रवास त्यामुळेच झाला असणार, कारण पहिल्या वर्षी थेंब जरा डावीकडे पडायचा हे आईला नीट आठवत होतं. शिवाय सिमेंट लागलेलं कौल पुढे कधी सुटं काढता येत नाही. काढायला गेलं की शेजारची दोन घेऊन फुटतं.

आढ्यावरच्या कौलांना मसाला लागतोच, तिथं तो टाळता येत नाही. पण नुसत्या सिमेंटचा कडक गिलावा नको. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असं मऊ मिश्रण घ्या. मसाला आढ्याच्या कौलाच्या आत राहू द्या, बाहेर थापून कडा लिंपू नका. जुन्या घरांत चुना आणि विटांची भुकटी वापरलेली दिसते, आणि ती आढी अजून शाबूत असतात.

उतार मोजा

पडवीचं गळणं हा आमच्याकडचाच नव्हे, घरोघरचा प्रश्न आहे. मुख्य पाखं चांगलं उभं असतं, पण पडवी काढताना उंची पुरत नाही म्हणून उतार कमी करतात. वरच्या पाख्याचं सगळं पाणी पुन्हा त्याच पडवीवर पडतं. म्हणजे उतार निम्मा आणि पाणी दुप्पट.

मोजायला एक गुण्या (काटकोनी पट्टी) आणि पाण्याची लेव्हल पुरते. आडव्या 1 फुटाला निदान 6 इंच चढ हवा. 7 इंच असेल तर उत्तम, तो साधारण 30 अंशांचा उतार होतो. कोकणात जिथं रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर आणि आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस होतो, तिथं 6 इंचांच्या खाली जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ली लोखंडी पाइपांचं फॅब्रिकेशन करून वर कौलं घालतात. फॅब्रिकेशनवाल्यांना सवय पत्र्याच्या उताराची. ते 3-4 इंच चढ ठेवून मोकळे होतात आणि नव्याकोऱ्या घरात पहिल्याच जूनमध्ये गळायला लागतं. वेल्डिंग होण्याआधी स्वतः उभं राहून मोजा. नंतर त्याला औषध नाही. तिथं मग कौलांखाली पत्राच घालावा लागतो.

पडवी मुख्य भिंतीला जिथं टेकते तो सांधाही बघा. तिथं सिमेंटची गोलाई केलेली असते आणि ती दोन वर्षांत भिंतीपासून सुटते. चिऱ्याच्या सांध्यात खाच घेऊन त्यात पत्र्याची पट्टी खोचायची, तिचं दुसरं टोक कौलांवर मोकळं वाकवायचं आणि फक्त खाच मसाल्याने भरायची.

रिपांचं अंतर

कौलं परतायला काढलीच आहेत तर हे काम त्याच वेळी करून घ्या. रिपांचं अंतर पुस्तकातून किंवा शेजारच्या घरावरून घेऊ नका, आपल्या कौलावरून घ्या. अंगणात सपाट जागी अकरा कौलं एकाखाली एक, एकमेकांत अडकवून मांडा. आधी ती पूर्ण आत सारून पहिल्या कौलाच्या वरच्या टोकापासून अकराव्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजा, मग अडकलेली असतानाच पूर्ण ताणून तसंच मोजा. दोन्हींची सरासरी काढून दहाने भागा. ते तुमच्या रिपांचं अंतर. बहुतेक ते 12 ते 13 इंचांच्या आसपास येतं. पण अर्ध्या इंचाचा फरकही आढ्यापर्यंत जाताना साचत जातो आणि शेवटची ओळ आढ्याखाली पुरेशी शिरत नाही. मग तिथं परत सिमेंटचा मोह होतो.

रिपा पोफळीच्या असतील तर चांगल्या पक्क्या, जून झाडाच्या घ्या. वाळवी बघायला प्रत्येक वाशाच्या भिंतीतल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. मधला भाग ठणठणीत आणि टोक भुसभुशीत असं हमखास असतं, कारण ओल तिथंच राहते.

माकडं, माडाची झापं आणि पाचोळा

माकडांपुढे आपलं फारसं चालत नाही. त्यांच्या उड्या ठरावीक झाडावरून ठरावीक जागी पडतात. त्या फांद्या छपरापासून लांब छाटल्या तर नुकसान पुष्कळ कमी होतं. छपरावर झुकलेला माड असेल तर मे महिन्यात सुकी झापं आणि नारळ उतरवून घ्या. आंबा-फणसाचा पाचोळा दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत कुजून माती होतो आणि त्यात रोपं उगवतात. ही पन्हळ वर्षातून दोनदा साफ व्हायला हवी. एकदा मेअखेर आणि एकदा श्रावणात, उघडीप बघून.

शेवाळ कोरड्या दिवसांत ताठ झाडूने किंवा बांबूच्या पट्टीने काढा. जोराच्या पाण्याचं यंत्र मारू नका. कौलाचा वरचा भाजलेला थर निघून जातो आणि कौल पाणी प्यायला लागतं. ब्लीचिंग पावडरही नको. ते पाणी अखेर आपल्याच विहिरीत जातं.

कौल ठेवायचं की टाकायचं

उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेरांनी वाजवा. खणखण वाजलं तर ठेवा. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. शंका असलेली पाच-सहा कौलं उन्हात वाळवून वजन करा, एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पुसून पुन्हा वजन करा. अडीच किलोच्या कौलाने अर्धा किलोपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर मी ते बाद धरतो. आमच्या साधारण 900 जुन्या कौलांपैकी जेमतेम 70 बाद निघाली. पूर्ण छप्पर बदला म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर 830 चांगली कौलं फुकट गेली असती.

नवी घ्यायची असतील तर चौरस मीटरला साधारण 15 असा हिशेब धरा आणि वर शंभराला दहा जास्त घ्या.

पत्रा टाकावा का, हे मला खूप जण विचारतात. पत्रा लवकर होतो आणि खाली लाकूड कमी लागतं हे खरं. पण पाऊस पडताना घरात बोललेलं ऐकू येत नाही, एप्रिल-मेमध्ये दुपारी आत बसवत नाही, आणि थंडीच्या पहाटे आतून घाम सुटून तेच पाणी टपकतं. लोक त्यालाही गळतीच समजतात. समुद्राजवळ खाऱ्या वाऱ्याने खिळ्यांची भोकं आधी गंजतात. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते कापू किंवा भोकं पाडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेलेली परत निघत नाही. उतरवायचेच असतील तर भिजवून, अख्खे उतरवा.

खाली पत्रा आणि वर कौल ही पद्धत आता गावोगावी आली आहे. ती वाईट नाही, पण एक गोष्ट हमखास चुकते. आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकतात. मग कौलातून उतरलेलं पाणी आणि पाचोळा प्रत्येक रिपेपाशी अडतो आणि रीप कुजते. आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग त्यावर आडव्या रिपा, असं केलं की खालून पाणी वाहून जातं आणि हवाही खेळते.

स्लॅबचा विचार असेल तर आधी भिंती बघा. कौलारू छपराची नुसती कौलं चौरस मीटरला 40 किलोच्या आसपास भरतात. 4 इंची स्लॅब 250 किलोच्या घरात जातो. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर अभियंत्याला दाखवल्याशिवाय तो चढवू नका.

आता जुलै आहे आणि आत्ताच गळतंय

तर वर चढू नका. ओल्या, शेवाळलेल्या कौलांवरून घसरून माणसं जायबंदी झालेली मी पाहिली आहेत. गळती विजेच्या तारांजवळ असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

माळ्यावरून, आतून काम करा. जिथून पाणी शिरतंय ते कौल हळूच उचला आणि दीड फूट लांब, फूटभर रुंद पत्र्याचा सपाट तुकडा असा सरकवा की त्याचं वरचं टोक वरच्या कौलाखाली आणि खालचं टोक खालच्या कौलावर येईल. पत्रा नसेल तर पोफळीची विरी (झावळीचा रुंद बुंधा) चालते, एक पावसाळा निघतो. तेही जमलं नाही तर वाशावर ज्या जागी पाणी येतंय तिथं सुतळी बांधून तिचं टोक बादलीत सोडा. पाणी सुतळीवरून उतरतं, भिंत वाचते. ताडपत्री टाकलीच तर उघडीप मिळाल्यावर दिवसभर काढून ठेवा. आमच्या वाशाची बुरशी चार महिने बंद राहिलेल्या ताडपत्रीनेच आणली होती.

उन्हाळ्यात वर चढायची वेळ येईल तेव्हा शिडी आढ्याला दोराने बांधून पाख्यावर उताराच्या दिशेने टाका आणि पाय वाशाच्या रेषेवर ठेवा, कौलाच्या मध्यावर नको.

वादळी वाऱ्यात वळचणीची आणि कडेची कौलं आधी उचलली जातात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर आणि पुढच्या मे महिन्यात तौक्तेच्या वेळी आमच्याकडेही हेच झालं. ज्या कौलांना भोक असतं ती वळचणीच्या दोन ओळींत आणि दोन्ही कडांना न गंजणाऱ्या तारेने रिपेला बांधून घ्या. मधल्या कौलांना गरज नाही, तिथं ती सुटी असलेलीच बरी.

जुन्या छापाची आमची 60 कौलं मांगरात शिल्लक आहेत. आडवी न रचता भिंतीला टेकवून उभी, खाली दोन रिपा टाकून ठेवली आहेत. आडवी रचली की खालच्यांना चिरा जातात. खडूने वर लिहून ठेवलंय, ‘माजघरासाठी, दुसरीकडे वापरू नये’.